'सौ.'मधला भग आणि फॉर्मवरचे लिंग : शरीराच्या नावांचा इतिहास

🧵 १८८३ साली वात्स्यायनाच्या कामसूत्राचे पहिले इंग्रजी भाषांतर छापून झाले. प्रकाशक म्हणून 'लंडन आणि बनारस' येथील कामशास्त्र मंडळाचे नाव होते. हे मंडळ जवळजवळ कागदावरच अस्तित्वात होते. प्रती 'केवळ खासगी वितरणासाठी' होत्या, कारण इंग्लंडमध्ये १८५७ पासून अश्लील प्रकाशनांविरुद्धचा कायदा लागू होता. कीर्ती मिळाली ती रिचर्ड बर्टनला. संस्कृत पोथ्या जुळवून अर्थ लावण्याचे खरे कष्ट मात्र मुंबईत पंडित भगवानलाल इंद्रजी आणि त्यांचे साहाय्यक शिवराम परशुराम भिडे यांनी उपसले होते. नाणेघाट आणि नाशिकचे शिलालेख वाचणारे, १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप उकरणारे भगवानलाल ते हेच.

या भाषांतरात एक गंमत आहे. पुस्तकभर पुरुषाच्या अवयवासाठी 'लिंगम्' आणि स्त्रीच्या अवयवासाठी 'योनी' हे संस्कृत शब्द जसेच्या तसे ठेवलेले आहेत. मूळ ग्रंथ उघडला तर वात्स्यायन हे शब्द फारच क्वचित वापरतो. 'जघन', 'यंत्र', 'साधन' अशा काहीशा आडपडद्याच्या, बहुतेक वेळा दोघांनाही लागू पडणाऱ्या शब्दांवर त्याचे काम भागते. म्हणजे मूळ लेखकाने न वापरलेले संस्कृत शब्द इंग्रजी भाषांतराने संस्कृतच्या नावावर खपवले. वेंडी डोनिगर यांनी यावर नेमके बोट ठेवले आहे : स्वतःच्या भाषेत अवयवाचे नाव घेण्याचा संकोच परक्या शब्दाआड लपवला गेला, आणि त्या बदल्यात ते शब्द जगभर केवळ अवयवांची नावे म्हणून रूढ झाले.

आज मराठी माणूसही हे शब्द उच्चारताना चाचरतो. त्यात आपले जुने किती आणि हे उसने किती, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

'लिंग' या शब्दाचा मूळ अर्थ खूण, चिन्ह. न्यायशास्त्रात डोंगरावर दिसणारा धूर हे अग्नीचे लिंग आहे. जे दिसते त्यावरून जे दिसत नाही ते ओळखायचे, त्या ओळखीचे साधन म्हणजे लिंग. सांख्यांचे 'लिंगशरीर' म्हणजे तर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म शरीर. अवयव हा या शब्दाचा एक अर्थ आहे, आणि तोही 'ज्यावरून ओळख पटते ती खूण' या वाटेने आलेला.

व्याकरणात हा शब्द पाणिनीच्याही आधीपासून स्थिरावलेला दिसतो. पण खरी चर्चा वाचावी ती पतंजलीच्या महाभाष्यात, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. व्याकरणातले लिंग ठरवायचे कशावरून? एक सोपे उत्तर पुढे येते : स्तन आणि लांब केस असलेली ती स्त्री, अंगावर केस असलेला तो पुरुष, दोहोंच्या मधले ते नपुंसक. पतंजली हे उत्तर लगेच अडचणीत आणतो. नाटकात स्त्रीची भूमिका करणाऱ्या नटालाही मग स्त्रीलिंगी प्रत्यय लावायचा काय? 'खट्वा' म्हणजे खाट स्त्रीलिंगी आणि 'वृक्ष' पुल्लिंगी, पण खाटेला आणि वृक्षाला कोणते अवयव असतात? नदीकाठाला 'तट' म्हणावे, 'तटी' म्हणावे की 'तटम्', तिन्ही चालतात. म्हणजे काठ तिन्ही लिंगांचा. शब्दाचे लिंग आणि देहाचे लिंग एक नव्हे, हे दोन हजार वर्षांपूर्वी इतक्या थंड डोक्याने मांडले गेले होते. मराठीत खाट अजूनही 'ती' आहे, तर वृक्षाचे 'झाड' होताच तो 'ते' होतो.

या पार्श्वभूमीवर शासकीय फॉर्मवरचा 'लिंग' हा रकाना पाहावा. तेथे हा शब्द पुन्हा ओळखीच्या खुणेच्या अर्थी येतो आणि बहुतेकांना तो खटकत नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा तृतीयपंथीयांचा हक्क मान्य केला. त्या निकालाचा गाभा मराठीत सांगताना पतंजलीचाच प्रश्न समोर उभा राहतो : खूण कोणी ठरवायची, पाहणाऱ्याने की जिच्यावर वा ज्याच्यावर ती आहे त्याने?

आता 'योनी'. ऋग्वेदात हा शब्द वारंवार येतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ जागा, घर, बसण्याचे ठिकाण, उगम असा आहे. अग्नी आपल्या योनीत बसतो, म्हणजे वेदीवरच्या आपल्या स्थानी बसतो. ब्रह्मसूत्रांच्या आरंभीच ब्रह्म आणि शास्त्र यांचे नाते सांगताना हाच शब्द कारण या अर्थाने आलेला आहे. घरातल्या मराठीत 'चौऱ्याऐंशी लक्ष योनी' आजीही म्हणते, 'मनुष्ययोनी' कीर्तनकारही म्हणतो, आणि भुताच्या गोष्टीत 'पिशाच्चयोनी' ठरलेलीच. लग्नाची पत्रिका जुळवताना छत्तीस गुणांपैकी ४ गुण 'योनी'चे असतात. एरवी हा शब्द ज्या बैठकीत उच्चारणे अशक्य, त्याच बैठकीत वधूवरांचे आईवडील तो मोठ्याने वाचतात आणि गुण मोजतात.

'भग' या शब्दाचा प्रवास याहून विलक्षण आहे. वेदांतला भग हा आदित्यांपैकी एक देव. 'भज्' म्हणजे वाटून देणे. जो ज्याचा वाटा त्याला देतो तो भग. इराणी भाषांत 'बग' म्हणजे देव, रशियन भाषेत 'बोग' म्हणजे देव, आणि बगदाद या नावाचा अर्थ बहुतेक अभ्यासक 'देवाने दिलेले' असा लावतात. संस्कृतात याच शब्दाचे कुटुंब म्हणजे भाग, भाग्य, भगवंत, सुभग. पुढे 'भग' हा स्त्रीच्या अवयवाचाही वाचक झाला. सुश्रुताने वर्णिलेल्या भगंदर या व्याधीच्या नावात तो याच अर्थाने आहे. ऐश्वर्य, वाटा, सुख आणि स्त्रीचा देह हे अर्थ एका शब्दात नांदत होते आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. 'सुभग'पासून 'सौभाग्य' झाले, 'सौभाग्यवती' झाली आणि लग्नपत्रिकेवर तिचे 'सौ.' झाले. कोणत्याही मराठी लग्नपत्रिकेत हा शब्द डझनभर वेळा छापलेला असतो. कोणाच्या लक्षात येत नाही इतकेच.

युरोपात चित्र वेगळे होते. तेथील शरीरशास्त्राने नावे दिली ती लॅटिनमध्ये, आणि नाव देणारे सगळे पुरुष होते. 'व्हजायना' म्हणजे म्यान. नाव ऐकताच तलवार कोणाची हे वेगळे सांगावे लागत नाही. बाह्य जननांगासाठीचा 'पुडेंडम' हा शब्द लाज वाटणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला : जिची लाज वाटावी अशी जागा. मुळात तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होता, पण काळाच्या ओघात शरीरशास्त्रात तो स्त्रीपुरताच उरला. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शरीररचना परिभाषेतून तो अखेर काढण्यात आला. मात्र त्यावरून नाव पडलेल्या चेतातंतूचे नाव बदललेले नाही.

१५४३ साली अँड्रियास व्हेसॅलियसने काढवलेल्या प्रसिद्ध आकृत्यांत गर्भाशय आणि योनीमार्ग मिळून चक्क एका पुरुषी अवयवासारखे दिसतात. स्त्री म्हणजे आतल्या बाजूला वळलेला पुरुष, ही गेलेनपासूनची समजूत चित्रकाराच्या हातात उतरली होती. बीजकोशांना तेव्हा 'स्त्रीचे वृषण' म्हणत. १६७२ मध्ये रेनिअर द ग्राफने त्यांचे सविस्तर वर्णन केले आणि अंड्यावरून आलेले 'ओव्हरी' हे नाव हळूहळू रुळले. मराठी पाठ्यपुस्तकातला 'अंडाशय' हा त्याच कल्पनेचा अनुवाद आहे.

१५५९ साली रिआल्दो कोलोंबो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. स्त्रीच्या सुखाचा अवयव आपणच प्रथम शोधला, असा दावा त्यात होता. दोनच वर्षांनी गॅब्रिएल फालोपिओने तो मान आपल्याकडे ओढला. ज्या अवयवाला ग्रीकांनी फार पूर्वी नाव दिले होते, त्याच्या शोधाच्या श्रेयासाठी दोन प्राध्यापक भांडत होते. ज्यांच्या देहात तो होता त्यांना कोणी विचारले नाही. आपणही फार वेगळे वागलो असे नाही. मराठी परिभाषेत या अवयवाला 'शिश्निका' वा 'भगशिश्न' म्हणतात. स्वतंत्र नाव नाहीच, पुरुषाच्या अवयवाची छोटी आवृत्ती! व्हेसॅलियसची आकृती गेली, पण शब्दात उरली.

जाता जाता एक हलकी गोष्ट. संस्कृतात वृषणाला 'मुष्क' हाही शब्द आहे. त्याचा अर्थ लहानसा उंदीर. कस्तुरीमृगाच्या ग्रंथीच्या आकारावरून तो शब्द फारसीत 'मुश्क' होऊन सुगंधाला चिकटला आणि पुढे इंग्रजीत 'मस्क' झाला. लॅटिनमध्येही लहान उंदीर म्हणजे 'मुस्कुलुस', पण रोमनांना तो दंडाच्या कातडीखाली पळताना दिसला आणि त्याचे 'मसल' झाले. मराठी माणसाला त्याच दंडात बेडूक दिसला, म्हणून आपल्याकडे बेटकुळी. महागड्या अत्तराच्या बाटलीवर छापलेल्या 'मस्क'चे मूळ ठाऊक झाल्यावर ती बाटली कोणी परत केल्याचे ऐकिवात नाही.

लाज आपल्याकडे नव्हती आणि ती इंग्रजांनी आणली, असा सोपा निष्कर्ष येथे काढता येईल. तो अर्धाच खरा आहे. 'गुह्य', 'उपस्थ' असे झाकून बोलणारे शब्द संस्कृतात जुनेच आहेत. महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे लज्जागौरी. तेर, भोकरदन अशा प्राचीन स्थळी या देवीच्या लहान मूर्ती सापडल्या आहेत. पाय दुमडून फाकलेले, जननांग उघडे, आणि बहुधा मस्तकाच्या जागी कमळ. प्रसूत होणाऱ्या, फळणाऱ्या भूमीचे हे रूप. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ च्या 'लज्जागौरी' या ग्रंथात या देवीचा माग रेणुका-यल्लम्मापर्यंत आणि वारुळाच्या पूजेपर्यंत काढला. गोव्यात सांतेरी आजही वारुळाच्या रूपात पुजली जाते. वारूळ म्हणजे भूमीची योनी. मूर्तीत लाजेचा लवलेश नाही. लाज आहे ती नावात, आणि नाव मूर्तीपेक्षा बरेच अलीकडचे आहे. पूजा सोडवत नव्हती आणि पाहवतही नव्हते, अशा कोणत्यातरी पिढीने हा तोडगा काढला असावा.

घरातल्या मराठीने असे तोडगे मुबलक काढले. पदर येणे, न्हाण येणे, शहाणी होणे, बाहेरची होणे, बाजूला बसणे, अडचण, कावळा शिवणे. यातल्या काही शब्दांत उत्सव आहे, काहींत केवळ लपवाछपवी आहे. कावळ्याने शिवण्याची कल्पना तर लहान मुलांची समजूत घालण्यासाठीच घडलेली. 'मासिक पाळी'तली पाळी म्हणजे खेप, क्रम. गिरणीतही पाळी असते, पाण्याचीही असते. तो निरुपद्रवी शब्द. घात केला तो 'विटाळ' या शब्दाने, कारण त्यात एकाच वेळी स्त्रीचा देह आणि अस्पृश्याचा स्पर्श बसवला गेला. १४ व्या शतकात सोयराबाईने नेमके तेथेच बोट ठेवले. प्रत्येक देहाची घडण विटाळातच होत असेल तर सोवळा कोण उरला, असा तिचा युक्तिवाद आहे. महार कुटुंबातली, चोखोबांच्या घरातली ही स्त्री दोन्ही अर्थांनी 'विटाळ' ठरवली गेली होती. त्यामुळे तिच्या प्रश्नाला जी धार आहे ती शास्त्री-पंडितांच्या वादाला येणे शक्य नव्हते.

गर्भाशयाला ग्रामीण मराठीत 'पिशवी' म्हणतात. शब्द सोपा, चित्रमय, कोणालाही कळणारा. पण पिशवीत वस्तू नसली की पिशवी रिकामी, आणि फाटली की टाकाऊ. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचे शासकीय सर्वेक्षण झाले. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली, त्यात ऐन तिशीतल्याही होत्या. कारणे अनेक होती. उचल घेतलेली, पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, फडात स्वच्छतागृह नाही, आणि खासगी दवाखान्यात घातलेली कर्करोगाची भीती. दोष एकट्या शब्दाचा नव्हे, हे उघड आहे. तरीही 'मुले झाली, आता पिशवी काढून टाका' हे वाक्य जितक्या सहज गळी उतरते, तितक्या सहज 'गर्भाशयाची शस्त्रक्रिया' उतरली नसती. काढून टाकण्याचे परिणाम शरीरावर काय होतात, हे 'पिशवी' हा शब्द सांगतच नाही.

शरीराच्या अवयवांना सरळ नावाने संबोधण्याचा हट्ट विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात एका गणिताच्या प्राध्यापकाने धरला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. वाचक पत्राने लैंगिक शंका विचारत आणि कर्वे छापील उत्तर देत. भाषा रूक्ष, जवळजवळ प्रमेय मांडल्यासारखी. उपमा नाही, सूचकता नाही. तीच गोष्ट समाजाला सर्वांत अश्लील वाटली, कारण आडपडद्याने बोललेले शृंगारात मोडते आणि सरळ बोललेले गुन्ह्यात. १९३१ मध्ये एका लेखाबद्दल त्यांना दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला भरला गेला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही, ही त्यांची भूमिका न्यायालयाने मानली नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

कायद्याच्या भाषेत हे शब्द काय करतात, ते पाहिल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. 'बलात्कार' हा शब्द संस्कृतात लैंगिक गुन्ह्याचे नाव नव्हता. 'बळाने केलेली कृती' एवढाच त्याचा अर्थ. धर्मशास्त्रात तर धनकोने ऋणकोला डांबून कर्ज वसूल करण्याच्या पद्धतीलाही बलात्कार म्हटले आहे. परस्त्रीशी संबंधाच्या गुन्ह्याला 'स्त्रीसंग्रहण' म्हणत आणि त्यात बळाइतकाच कपटाचाही वेगळा विचार होता. आधुनिक मराठीने गुन्ह्याचे नाव म्हणून 'बलात्कार' स्वीकारला तेव्हा त्याबरोबर एक प्रश्नही आला : बळ वापरल्याची खूण कोठे आहे? १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडताना तिच्या अंगावर जखमा नसल्याचे वजनात धरले. इंग्रजी कलम संमतीबद्दल बोलत होते, पण न्यायालयाने शोधली ती बळाची खूण. देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ च्या दुरुस्तीने संमती म्हणजे काय याची व्याख्या कलमातच घातली आणि प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असे नव्हे, हेही लिहून ठेवले. मराठी शब्द मात्र बदललेला नाही. बळ अजून त्याच्या नावातच आहे.

मुलांच्या लैंगिक संरक्षणासाठीच्या २०१२ च्या कायद्याने अवयवांची नावे घेतली : योनी, शिश्न, गुद, स्तन. भारतीय कायद्यात एवढा सरळपणा तोवर दुर्मीळ होता. तरीही जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका खटल्यात 'शारीरिक स्पर्श' याचा अर्थ त्वचेला त्वचेचा स्पर्श असा लावला. बारा वर्षांच्या मुलीचे स्तन कपड्यांवरून दाबले गेले होते. म्हणून तो या कायद्याखालचा लैंगिक हल्ला नव्हे, तर दंडसंहितेखालचा विनयभंग ठरवला गेला. विनय म्हणजे नम्रता, शालीनता. म्हणजे त्या निकालापुरते मुलीचे शरीर बाजूला राहिले आणि भंग झाला तो तिच्या शालीनतेचा. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला : कपड्यांवरून झालेला स्पर्श हाही स्पर्शच आहे आणि त्यामागचा लैंगिक हेतू निर्णायक आहे.